नापास घोडे

लेबलं हँबर्गहून येतात, मोजून.
दोन हजार घोड्यांना दोन हजार.
सुईत फाटलं तर चिंधीही परत.

पालद्याच्या शेडमध्ये गेंदालाल
तारेवर कातडं ओढतो, अंगठ्यानं नाकपुडी उघडतो;
घोडा आता फुरफुरेल असं वाटतं,
तोच पोटाखाली परकं आडनाव.

आपलं लावून पाहिलं होतं.
उच्चारायचं कसं, त्यांनी विचारलं.
मग चाचणीची फी, आणि
दुकानातल्या फळीवर नुसतं उभं राहायचे
दरमहा इतके युरो
की मी फोनवरच हसलो.

यंदा एकवीस नापास. कान वाकडे.
राजवाड्यापाशी विकतो ते.
त्यांच्यावर शिक्का आमचा :
अष्टपुत्रे आणि मंडळी, इंदूर.

काल एक पोरगी म्हणाली,
"भिया, कान ऐसेई आते क्या?"
हमारे ऐसेई आते, म्हटलं.
तिनं दुसरा उचलून पाहिला.