दोन्हीकडून

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये सोळा माग,
काचेच्या केबिनमध्ये मी, बिलं, आणि एक जुना संगणक.
की-बोर्डात कापसाची पिंज भरलेली असते.
फुंकर मारली तर 'ळ' उमटतो,
नाहीतर सगळ्या टॉवेलांचे 'पिवे' आणि 'निे' रंग.

नान्ना तपासणीला.
तुटलेला धागा, तेलाचा डाग, सुटलेली किनार,
दिसली की फोटो.
शनिवारी फोन टॉवेलच्या टोकानं पुसून
माझ्यापुढे धरायचे : "घे, ओतून घे."
मी केबल लावायची.
केबलचा कान ढिला, म्हणून पाव तास
बोटानं तशीच दाबून धरायची.

मग चैत्रात श्रीधर आला, आत्याचा,
म्हणाला, "कोणत्या जमान्यात आहात बे तुम्ही?"
आणि काहीतरी बसवून गेला.
आता केबल नको.
फोनमध्ये जे पडेल ते संगणकात,
इथे जे पुसाल ते तिथूनही जाईल.
"दोन्हीकडून?" नान्नांनी विचारलं. "धोट्यासारखं?"
"धोट्यासारखंच, मामा."

तेव्हापासून डागांच्या मधूनमधून
दुसरंच काही यायला लागलं.
गड्ड्यातला पाळणा, हललेला.
विड्या वळताना आईची बोटं, फक्त बोटं,
सुपात तंबाखू, मांडीवर कात्री.
सात रस्त्याच्या सिग्नलला थांबून घेतलेलं आभाळ,
ज्यात काहीच नाही.
असली अकरा आभाळं.
मला माहीतच नव्हतं हा माणूस वर बघतो.

मंगळवारी वीज गेली ती साडेतीनला आली.
पडद्यावरचं गोल चक्र फिरायला लागलं,
डाग, डाग, किनार,
आणि मग एक्स-रे.
खिडकीच्या उजेडाला धरलेला, एका हातात,
दुसऱ्या हातानं फोटो.
फासळ्यांच्या मागून आमचा कडुलिंब दिसत होता,
दोरीवर वाळणारी चादर दिसत होती,
आणि डाव्या बाजूला खाली
पिंजेसारखं पांढरं काहीतरी.
कोपऱ्यात नाव : मल्लेशम नरसय्या बोद्दूल. वय ५८.
मी मोठं करून बघितलं.
मोठं केल्यावर नुसते चौकोन होतात.

उठून शेडच्या दारात गेले.
मागांच्या आवाजात इथे कुणी बोलत नाही,
भुवयांनी विचारतात, बोटांनी सांगतात.
अकरा नंबरपाशी ते, नाकाला टॉवेल.
मान उडवली : काय?
मी हात हलवला : काही नाही.
माझ्याकडे बघत राहिले जरा वेळ.
मग फोन काढला.

परत येऊन बसते तर संगणक विचारत होता,
ही फाइल दुसरीकडून काढून टाकली आहे,
इथूनही काढायची?
खाली दोन चौकटी.
आत येऊन पाणी पिताना नान्ना म्हणाले, न विचारताच,
"एमी लेदम्मा." काही नाही गं.
आणि तांब्या ठेवताना खोकले,
पाठ माझ्याकडे करून.

ते गेल्यावर मी 'ठेवा' दाबलं.
फोटोंचं येणं आता एकाच बाजूनं केलंय.
तिकडचं इकडे येईल.
तिकडून पुसलेलं इकडे राहील.
हिशेबाच्या माणसाला एवढी लबाडी चालते.

कॅलेंडर मात्र दोन्हीकडूनच ठेवलं.
गुरुवार उघडला, टाइप केलं,
छातीचे डॉक्टर. दोघांनी जायचं. वे
इथे अडलं.
की-बोर्ड उलटा केला, आपटला,
फुंकर मारली.
वेळ : सकाळी दहा.

काचेतून अकरा नंबर दिसतो.
त्या गोंगाटात रिंग कुणाला ऐकू जाणार,
पण खिशात थरथरलं असणार,
कारण त्यांचा हात छातीवर गेला.
फोन काढून वाचलं.
चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.
मग टॉवेलच्या टोकानं फोन पुसला, नीट,
शनिवारी पुसायचे तसा,
आणि केबिनकडे न बघता
खिशात ठेवून
तुटलेला धागा जोडायला वाकले.