भागिले चार

अब्बा टाप ऐकून सांगतात : पुढचा डावा, नाल ढिली.
डोळे मिटून ऐकतात, ओठांत तीन खिळे धरून.
आम्ही मिरजेचे नालबंद.
शर्यतीचे बैल, टांग्याची घोडी, वरातीचा पांढरा,
सगळ्यांचे पाय आमच्या मांडीवरून गेलेत.
खोगिरावर मात्र आमच्यातलं कुणी बसलं नव्हतं.

पिठल्या माझा नाही.
मालक सावळजचे, वीस एकर द्राक्षं.
मुलासाठी घोडा घेतला, मुलगा मेलबर्नला गेला,
घोडा राहिला बेदाण्याच्या शेडमागं
माश्या हाकत, पोट वाढवत.
अब्बा नाल मारायला गेले, मी पाय धरायला.
मालक म्हणाले, "फिरवतीस का जरा? नुसता खातोय."
कुणी विचारलं, सुरुवात कशी झाली,
तर मी सांगते, लिदीपासून.

कोल्ड स्टोरेजच्या गेटवर सिदगोंडाकाका बसायचे,
फौजेतून दफेदार म्हणून उतरलेले.
एक दिवस खुर्ची सोडून आले
आणि माझ्या रिकिबी काढून घेतल्या.
आठ महिने दिल्या नाहीत.
उडी कधी, विचारलं की म्हणायचे,
"उडी म्हंजे काय गं,
चांगल्या चालीतली एक टाप, जरा उंच.
चाल कुठं हाय तुझी?"

मग मांडवाचे जुने बांबू आले,
चुना आणि काव लावून पट्टे ओढले,
फवारणीची निळी पिंपं झाली खांब.
आधी बांबू जमिनीवरच.
मग वीतभर.
मग गुडघ्याएवढा, आणि तिथंच माझ्या हासळीचं हाड मोडलं.
अम्मी सहा आठवडे माझ्याशी बोलली नाही,
रोज वेणी मात्र तीच घालायची.

हात गळ्यात असताना काकांनी हिशोब शिकवला.
दोन अडथळ्यांमधलं अंतर पावलांनी मोज.
उतरायला दोन पावलं, उडायला दोन,
मधली भागिले चार, तेवढ्या टापा.
"आणि एखादं पाऊल उरलं तर?"
"उरणारच. लगाम वढू नगंस. पाय लाव."

पुण्याला गेलो हळदीच्या टेम्पोतून.
नव्वद सेंटिमीटर, अकरा अडथळे.
पोरींचे बूट असे, की त्यात तोंड दिसावं.
माझे, अब्बांनी कातड्याचं ठिगळ लावलेले.
चार अडथळे गेले.
पाचव्याखाली प्लास्टिकची सूर्यफुलं होती.
खरी असती तर पिठल्यानं खाल्ली असती.
खोटी बघून तो उभा राहिला.
परत फिरवून आणला, परत उभा.
घंटा झाली. घंटेचा आवाज
एवढा बारीक असतो, माहीत नव्हतं.

टेम्पो संध्याकाळी निघणार होता.
मी कठड्याला टेकून वही काढली,
बाकीच्या चव्वेचाळीस फेऱ्या लिहून काढल्या :
कोण कुठं वळलं, कोणाची कितवी टाप आखूड पडली,
पाचव्याला किती जणांनी आधीच पाय लावला.
एक बाई बराच वेळ मागं उभ्या होत्या.
ऊर्मिला खर्डेकर, त्यांची सहा घोडी रिंगणात होती.
वही चाळली, काही बोलल्या नाहीत.
पिठल्याचा खूर उचलून पाहिला.
"नाल कुणी मारली?"
मी अब्बांचं नाव सांगितलं, पूर्ण, जमाल महामूद नालबंद.
"पहाटे साडेचार. लीद, खरारा, पट्टे, पाणी.
सहा महिन्यांनी दोन घोडी चालवायला देईन.
उड्यांचं वर्षानंतर बघू.
पगारावर भांडू नकोस, खोली आहे."

पिठल्याला सावळजला सोडलं.
तो शेडमागं गेला, वळून वगैरे बघितलं नाही,
गव्हाणीत तोंड घातलं.
अब्बांनी रात्री जुनी कानस कागदात गुंडाळून दिली.
जायचं की नाही, यावर एक शब्द नाही.
फक्त एवढंच : "तिकडं नालबंद कोण आहे, विचार."

आज पहाटे पत्र्याची पेटी घेऊन निघाले.
दर्ग्याच्या कोपऱ्यापासून स्टँडच्या फाटकापर्यंत
सवयीनं मोजत आले.
उतरायला दोन, उडायला दोन,
मधली भागिले चार.
एक पाऊल उरलं.
पुण्याच्या गाडीनं इंजिन सुरू केलं होतं.
मी पाय लावला.