गोल बटण

उणे सव्वीस. अशा थंडीत डॅशबोर्डला हात लावायचा नसतो,
प्लास्टिकच्या खुंट्या बिस्किटासारख्या तुटतात.
म्हणून आधी अर्धा तास ट्रक नुसता चालू ठेवला,
हीटर पूर्ण, शेडचं दार हातभर उघडं,
आणि आत बसून राहिलो ओरेस्ट वुयको आणि मी,
दवाखान्यात नंबर लागायची वाट बघावी तसे.

वुयको म्हणजे मामा. सख्खा नव्हे.
कॅनोराच्या पश्चिमेला जेवढी शेतं
तेवढ्यांचा तो मामा.

त्याच्या मायरनने दोन नाताळांमागे
कॅलगरीहून आणून हा काचेचा स्टिरिओ बसवला.
नकाशा दाखवतो, फोन घेतो, मागचं दिसतं.
"मागचं मला दिसतंच," वुयको म्हणाला.
"पण हातमोजा घातला की ही काच मला ओळखत नाही.
गव्हाचा भाव ऐकायला दर वेळी
बोटं उघडी करू का?
जुन्याला गोल बटण होतं."

जुना त्याने जपून ठेवला होता
तळघरात, काकडीच्या बरण्यांमागे,
पिठाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून.
ट्रकसोबत कंपनीतून आलेला.
कॅसेटच्या फटीत धूळ,
दोन नंबरची कळ झिजून गुळगुळीत.

चौकट निघाली. चार स्क्रू, सात नंबरचा पाना.
एक स्क्रू आत पडला,
जिथे पडलेला स्क्रू कधीच सापडत नाही तिथे.
शाळेत पोरांना गॅरेजकाम शिकवताना
जी शिवी मी देत नाही ती दिली.
काच बाहेर ओढली, आणि मागे बघते तर
मायरनने मूळचा प्लगच कापून टाकलेला.
कंपनीचा प्लग कापणाऱ्याला नरकात
आटे गेलेले स्क्रू फिरवत बसवत असतील.

आता एकेक वायर रंग बघून सोलायची, पिळायची,
टॉर्च दातांत धरून.
स्क्रूसाठी पोकळीत हात घातला
तर बोटांना मऊ लागलं.

उंदराचं घरटं. रिकामं.
भुसा, पेट्रोलच्या पावत्यांचे तुकडे,
आणि निळी लोकर, धागा धागा उसवलेली,
अंगठा तेवढा अजून अंगठ्याच्या आकाराचा.

वुयकोने तो तळहातावर घेतला.
बराच वेळ फक्त हीटरचा पंखा.
"ह्याच्यापायी मी स्लावकाशी भांडलो होतो," म्हणाला,
"तूच हरवलास, म्हटलं.
तिने दुसरा विणला नाही. विणेल कशी?
मग मीही मार्चपर्यंत
एक निळा, एक तपकिरी घालून फिरलो,
सगळ्या गावाला कळावं म्हणून."

स्लावका आता यॉर्कटनच्या वृद्धाश्रमात असते.
हा दर रविवारी जातो.
ती त्याला कधी पोस्टमन समजते, कधी स्वतःचा भाऊ.
पोस्टमन असला तर पत्र का नाही म्हणून रागावते.

मी म्हणाले, पिवळी धर.
त्याने पिवळी धरली.
काळी. नारिंगी. टेप.
अंगठा कुठे ठेवला ते मी बघितलं नाही.

चावी फिरवली. हिरवे आकडे उगवले,
बाराचे बारा, लुकलुकणारे.
आवाज आला, पण उजव्याच दारातून.
डावीकडची करडी वायर सुटली असणार,
माझीच चूक. "उघडते परत," म्हटलं,
"दहा मिनिटांचं काम."

वुयकोने हातमोजा चढवला.
गोल बटण नखभर फिरवलं.
रिकाम्या सीटच्या बाजूने कुणीतरी
गहू, जव आणि मेल्फर्टच्या रस्त्यावरच्या बर्फाबद्दल सांगत होतं.
"राहू दे," तो म्हणाला.
"भाव तसेही तीच लक्षात ठेवायची."

पैसे घेतले नाहीत, काकडीची बरणी घेतली.
तो स्क्रू अजून आतच आहे.
रविवारी रेल्वेचे रूळ ओलांडताना
खुळखुळतो म्हणे.