नाव ठेवण्याआधी

किनुए तोकुनागा पहाटेच्या बोटीत बसली आहे.
मांडीवर कुंडी,
कुंडीवर नवऱ्याच्या जुन्या मोज्याचं टोपरं.
वाऱ्याचं ऑर्किड म्हणतात याला,
आणि हिला भीती, वारा लागेल म्हणून.

बारा वर्षांचं झालं.
अजून बारसं नाही.

शिगेमित्सु याच बोटीचं इंजिन बघायचा.
वादळात देवळामागचं कापराचं झाड आडवं झालं
त्या दिवशी बोटी बंद होत्या,
म्हणून काटक्या गोळा करायला गेला
आणि फांदीला चिकटलेलं हे घेऊन आला,
करंगळीएवढं. पाच पानं.
चौथ्या पानावर एक पांढरा दोरा.
"रोग असेल," ती म्हणाली.
"असेल," तो म्हणाला, आणि न्हाणीच्या खिडकीत
उसनं आणलेलं भांडं ठेवावं
तसं जपून ठेवलं.

दोरा सहाव्या पानावर आला. सातव्यावरही.
मग त्याने एक वही आणली.

मिसुमीत, पोस्टाच्या वरच्या मजल्यावर,
वर्षातून एकदा मंडळ बसतं.
चार माणसं, एक भिंग, एक किटली.
रानात असतं तोवर हे रोप वाऱ्याचं,
यादीत चढलं की श्रीमंतांचं.
पान तेच, पाणी तेच.
पण यादीत चढायचं तर
पट्टा आईच्या अंगावर असून भागत नाही,
लेकीत उतरावा लागतो, नातीत उतरावा लागतो,
आणि अख्ख्या यादीत तसं दुसरं नको.
इवाकिरी म्हातारबुवा पान उचलून
खोडाशी जुळते ती रेघ बघतात, चंद्रकोर की सरळ?
मुळांची टोकं बघतात, हिरवी की डाळिंबी?
"पट्टा बारीक आहे."
"एका अंगाला झुकलाय."
"असाच एक माझ्या सासऱ्यांनी नाकारला होता."
आधी नावं ठेवायची, मग नाव.
रीतच आहे ती.

पहिल्या खेपेला शिगेमित्सु स्वतः आला होता, टाय लावून.
लेक पट्ट्याची निघाली होती,
नात कोरी हिरवी.
"पाच वर्षांनी या," म्हणाले,
चांगल्या आवाजात, चहा देऊन.
परतीच्या बोटीत तो खाली वाकून ऐकत राहिला.
"दुसऱ्या सिलिंडरला काहीतरी झालंय,"
एवढंच बोलला.

पाच वर्षांतली त्याने तीन काढली.

आज दुसरी नात आहे, तिसरी आहे,
दोघींच्या पाठीवर तोच दोरा.
भिंग फिरतं. किटली उकळून गार होते.
कुणीतरी खाकरतं, म्हणजे झालं.
"नाव?"
अर्जावर तिने शिगेमित्सु लिहिलं आहे.
कोपऱ्यातल्या बाई यादीवरून बोट फिरवतात.
या नावाचं आहे एक आधीच, शिकोकूचं.
दुसरं सुचवा.

दुसरं तिने आणलेलं नाही.
खिडकीतून धक्का दिसतो, दोर फेकणारा पोरगा दिसतो.
"हिरुबुने," ती म्हणते.
दुपारची बोट. जेवायला तो जिने घरी यायचा, ती.
इवाकिरी दोनदा म्हणून बघतात,
चव घेतल्यासारखं.
मग शिक्का.
शोधणाऱ्याच्या रकान्यात त्याचं नाव बसलं,
रकाना जरा लहानच पडला.
जिन्यात एक पाहुणा पाकीट पुढे करतो.
ती टोपरं सारखं करते, आणि उतरते.

घरी न्हाणीच्या खिडकीत
ती कोरी हिरवी नात आहे, हिशेबात न धरलेली,
फुटून फुटून दोन कुंड्या झालेली.
पट्टा नाही, पाटी नाही.
ती आज फुलली आहे.
अंधार पडला की वास सुटतो, बोळापर्यंत जातो,
आणि किनुएला आठवतं की
अर्जात वासाला रकानाच नव्हता.

हिला काय म्हणायचं?
ती मोजा दोरीवर टाकते, मग पाणी घालते.
"अगं," म्हणते,
तो जसं तिला म्हणायचा,
चाळीस वर्षं, नाव न घेता.