पायरी शून्य

सातव्या पायरीवर मी लिहिलं होतं:
‘आता खिडकी बंद करा.’

पुंता अरेनास. लोकर सोसायटीचं ऑफिस.
बाहेर वारा पत्रे उचकटायला टपलेला.
एलेउतेरियो उठले, एकाहत्तर वर्षांचे गुडघे सावरत,
आणि खरीच खिडकी लावून आले.
‘झालं,’ म्हणाले. ‘आठवी?’

मी हसले नाही. वाक्य माझंच होतं,
त्यांनी ते शब्दाला शब्द पाळलं.

रात्री पुन्हा लिहायला बसले.
‘फक्त’ खोडला. ‘सोपं आहे’ खोडलं,
ज्याला जमत नाही त्याच्या तोंडावर
आपटलेलं दार असतं ते.
‘खिडकी’च्या जागी: पडद्यावरची चौकट,
वर, उजव्या कोपऱ्यात, लहानशी फुली.
फुली काढूनही दाखवली,
मेंढीच्या कानाला पाडतात त्या खुणेएवढी.

तरी काहीतरी राहत होतं.
पहाटे पहिल्या पायरीच्याही वर लिहिलं:
मशीन सुरू व्हायला चार मिनिटं लागतात.
तोवर पडदा काळा राहील.
तुमच्या हातून काही मोडलेलं नाही.

सोमवारी त्यांनी कागद वाचला,
ओळीखाली बोट धरून.
तिथे आल्यावर बोट थांबलं.

मग उठून त्यांनी किटली ठेवली.
चार मिनिटं होती ना.