पाटीचा डोंगर

लॅनबेरिसला डोंगर निम्मा कापून नेलेला,
उरलाय तो जांभळट काळा,
पाटीचा दगड.
खाली तळं. तळ्यात भाड्याच्या होड्या.

एलेरी म्हणाली, कंबर सैल सोड,
पाणी काही करत नाही.
सोडली.
उलटले.

वर हिरवं, खाली हिरवं,
नाकात बर्फाची सुई
आणि वल्हं कुठे गेलं कोण जाणे.

वर आले तर ती खो खो हसत होती,
मीही, बावन्नाव्या वर्षी,
दात वाजवत.

काठावर एक कपची मिळाली, तळहाताएवढी.
सवयीनं थुंकी लावून पुसली,
ओल्या बोटानं काढला
ग.

वाऱ्यानं तो लगेच वाळवून नेला.
म्हटलं, बरं,
म पाण्यात काढू,
आणि पुन्हा होडीत पाय टाकला.