हुर्राक, वाळपईच्या अलीकडे

एप्रिलात पुनो गावसच्या भट्टीवर जायचं
तर बाटली आपली न्यायची, बूच त्याचं.
बोंडू तुडवून अंगण चिकटलेलं,
प्रत्येक पावलाला चप्पल जरा मागे राहते.

पुनोला वास येत नाही.
दोन वर्षांमागे तापात गेला, तो परतलाच नाही.
धार तो डोळ्यांनी ओळखतो:
या करवंटीतून त्या करवंटीत, उंचावरून,
मणी किती वेळ टिकतात बघतो,
मग हाक मारतो, "सुकांती, ये गो!"

सुकांतीनं जन्मात थेंब घेतलेला नाही.
चुलीकडून हात पुसत येते,
करवंटी नाकाशी धरते,
डोळे मिटते.

मी शहरातून शब्द बांधून आणलेले:
लिंबाची साल, उतू गेलेला फणस, ओला धूर.
ती म्हणते, "आजची बरी.
कालची रागावलेली होती."

पुनो तिच्या चेहऱ्यावरची नजर न काढता
जिभेला बोट लावतो
आणि काहीतरी आठवल्यासारखा हसतो.

मी पिशवीतून लिम्का काढतो, मीठ, चिरलेली मिरची.
दोघंही बघत राहतात,
पाहुण्यांचं पोर
आमटीत साखर कालवतंय
तसे.